बाहेर पडायचं तर भाडं किती?

(बदलापूर येथे कार्यकर्त्या मैत्रिणींच्या एकदिवसीय शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या विषयापुढे नुसतं 'घरभाडे' असं लिहिलं आहे. सकाळी कौटुंबिक हिंसेवर बोलणं झालं, दुपारी पोटगीवर आहे, आणि मध्ये हे घरभाडं. हा तर इस्टेट एजंटांचा विषय, आपल्या शिबिरात कशाला, असं काहींच्या मनात येईल. मला वाटतं, हिंसा आणि पोटगी यांच्या बरोबर मध्येच या विषयाची जागा आहे.

आपल्या सल्ला केंद्रात बाई येते. पहिल्या भेटीत रडते, दुसऱ्या भेटीत बोलते, आणि तिसऱ्या-चौथ्या भेटीत एकच प्रश्न विचारते : "ते सगळं खरं, पण मी जाऊ कुठे?" माहेर दोन-चार महिन्यांचं. भावाच्या दोन खोल्यांत भावजयीचा संसार असतो. आधारगृहातला मुक्काम मुदतीचा, आणि तिथे वाढत्या वयाचा मुलगा बरोबर असला तर अडचण. मग उरतं ते भाड्याचं घर. म्हणजे 'जाऊ कुठे' या प्रश्नाचं एक उत्तर रुपयांत असतं, आणि ते उत्तर आपल्याला तोंडपाठ असायला हवं. वकिलाची फी किती, हे आपण सांगू शकतो. कात्रपला एका खोलीचं भाडं किती आणि त्यावर डिपॉझिट किती, हेही सांगता आलं पाहिजे.

हे गाव कसं वाढलं

आपण जिथे बसलो आहोत त्या गावापासूनच सुरुवात करू. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या एक लाखाच्या आत होती. २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. दहा वर्षांत एवढी माणसं काही इथे जन्माला आली नाहीत. ती आली मुंबईहून, ठाण्याहून, डोंबिवलीहून, आणि मराठवाडा-खानदेश-कोकणातून थेट. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी संप सुरू झाला, त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली, आणि गिरणगावातल्या चाळींतून बाहेर पडलेली कितीतरी कुटुंबं मध्य रेल्वेच्या रुळांच्या कडेने डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर अशी सरकत आली. परळच्या खोलीचं भाडं जुन्या भाडे कायद्याने गोठलेलं होतं. इथे आल्यावर भाडं, रेल्वेचा पास आणि दीड तासाचा प्रवास हे तिन्ही खर्च एकदम अंगावर आले. प्रवास रुपयांत मोजत नाहीत. पण पहाटे चारला उठून डबे करून लोकल पकडणाऱ्या बाईने तो झोपेतून मोजलेला असतो.

इथलं भाडं इथे ठरत नाही, हे आधी समजून घ्यायला हवं. ठाण्यात ज्यांना परवडत नाही ते डोंबिवलीला येतात, डोंबिवलीत परवडेनासं झालं की बदलापूरला, आणि बदलापूरही जड झालं की वांगणी-नेरळला. वरच्या स्टेशनवर भाडं वाढलं की त्याचा धक्का खालच्या स्टेशनवर पोचतो. ठाणे-डोंबिवलीच्या जुन्या इमारती पुनर्विकासाला निघतात तेव्हा तिथल्या घरमालकांना बिल्डर भाड्यापोटी पैसे देतो. ती कुटुंबं दोन-तीन वर्षांसाठी भाड्याची घरं शोधतात आणि त्यांना थोडं जास्त भाडं सहज देता येतं. त्यांचं काही चुकत नाही. पण त्याच घरासाठी उभी असलेली एकटी बाई मागे पडते.

आज बदलापुरात साध्या इमारतीतल्या वन बीएचकेचं भाडं साधारण सहा-सात हजारांपासून नऊ-दहा हजारांपर्यंत आहे. इमारत नवी, लिफ्ट आणि वॉचमन असला की त्याहून वर. स्टेशनपासून चालत जाण्याजोगं घर महाग, आणि खरवई, शिरगावच्या पलीकडे जावं तसं स्वस्त. पण त्या स्वस्तात शेअर रिक्षाचे रोजचे पैसे मिळवा. रात्री साडेनऊच्या लोकलने उतरणाऱ्या बाईला शेअर रिक्षा भरेपर्यंत थांबायचं की एकटीने पूर्ण रिक्षा करायची हे रोज ठरवावं लागतं. पाचशे रुपयांनी स्वस्त घर महिन्याअखेर हजाराने महाग पडतं, आणि भीती वेगळी.

पश्चिमेला नदीकडच्या सखल भागाची गोष्ट आणखी निराळी. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचं पाणी घराघरांत शिरलं. २०१९ च्या जुलैत पुन्हा शिरलं, त्याच वेळी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली होती. २०२१ मध्ये पुन्हा तेच. तिथे तळमजल्याची खोली स्वस्त मिळते. ती कोण घेतं? ज्यांच्याकडे निवडीला वाव नाही ते. पूर आला की मालकाची भिंत ओली होते आणि भाडेकरणीचं गव्हाचं पोतं, मुलांची दप्तरं, शिलाई मशीन जातं. भाड्याची पावती नसेल तर पंचनाम्याच्या वेळी ती त्या घरात राहत होती हे सिद्ध करणंही जड जातं.

घरं रिकामी, आणि बाई बाहेर

गावात फिरताना एक दिसतं. संध्याकाळी सात वाजता इमारतींकडे बघा. कितीतरी खिडक्या अंधाऱ्या असतात. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांमध्ये एक कोटी दहा लाखांच्या आसपास घरं रिकामी सापडली, आणि सर्वांत जास्त आपल्या महाराष्ट्रात. घरं रिकामी आणि माणसं घर शोधतात, हे एकाच वेळी कसं घडतं?

हिशेब करून बघू. समजा एका माणसाने इथे तीस लाखांचा फ्लॅट घेऊन ठेवला आणि त्याला महिना आठ हजार भाडं मिळतं. वर्षाचे झाले शहाण्णव हजार. म्हणजे शेकडा तीन-सव्वातीन, आणि त्यातून सोसायटीचं शुल्क, घरपट्टी वजा जाते. बँकेत मुदत ठेव ठेवली असती तरी जास्त मिळालं असतं. त्याने फ्लॅट घेतला तो भाड्यासाठी नव्हे, पुढे किंमत वाढेल म्हणून. त्याच्या दृष्टीने भाडं ही वरकड आवक असते, आणि 'त्रास देणार नाही' असा भाडेकरू मिळत नसेल तर फ्लॅट कुलपात ठेवायला त्याला फारसं काही वाटत नाही.

आता 'त्रास देणारा भाडेकरू' म्हणजे कोण, याची त्याची व्याख्या काय? नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई, रात्रपाळीची नर्स, बारमध्ये गाणारी, तीन मुली मिळून राहू बघणाऱ्या, मुसलमान कुटुंब, आडनावावरून जात कळते ती बाई. भाडं भरण्यात यांतली कोण कमी पडते? उलट एकटी बाई भाडं सगळ्यांत आधी बाजूला काढते, कारण घर गेलं तर काय होतं हे तिला माहीत असतं. पण घर देताना तिची भाडं भरण्याची ताकद बघितली जात नाही, तिची 'चालचलणूक' बघितली जाते.

एजंटच्या ऑफिसात विचारले जाणारे प्रश्न तुम्हाला ठाऊक आहेत. "मिस्टर काय करतात?" "मग ते बरोबर राहणार नाहीत का?" "घरी कोणाचं येणं-जाणं?" "नॉनव्हेज करता का?" बाईने सांगितलं की मी वेगळी राहते, की एजंट फाइल मिटतो. किंवा एक तोडगा सांगतो : भावाच्या नावाने करार करा. वरवर हा तोडगा सोयीचा वाटतो. भाडं ती भरते, करार भावाच्या नावाने. मग रेशन कार्डाला पत्त्याचा पुरावा कुठला? मुलाच्या शाळेला, बँकेला, गॅसला कुठला कागद दाखवायचा? उद्या भावाशी बिनसलं तर? नवऱ्याच्या घरात जशी ती दुसऱ्याच्या नावावर राहत होती, तशीच इथेही. स्वतःच्या पैशाने.

आपली राज्यघटना धर्म, जात, लिंग यांवरून राज्यसंस्थेला भेदभाव करू देत नाही. पण खासगी घरमालकाला थेट अडवणारा कायदा नाही. एका पारशी गृहनिर्माण सहकारी संस्थेच्या प्रकरणात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने समाजापुरतं सभासदत्व ठेवणारी उपविधी मान्य केली. म्हणजे हा लढा नुसता कोर्टात जिंकता येणार नाही. तो जिन्यात आणि सोसायटीच्या सर्वसाधारण सभेतही लढावा लागेल.

सोसायटीचं नाव निघालं म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवा. कमिटीचे लोक सांगतात की आमच्या परवानगीशिवाय भाडेकरू ठेवता येत नाही. सरकारच्या आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाने घर भाड्याने देताना संस्थेला कळवायचं असतं, कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची असते. परवानगी मागायची नसते. दुसरं, बिनभोगवटा शुल्क. भाडेकरू ठेवला म्हणून सोसायटी सभासदाकडून जादा पैसे घेते आणि मालक ते भाड्यात चढवतो. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार हे शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. आपल्यातल्या ज्या सोसायटीच्या सभासद आहेत त्यांनी पुढच्या सभेत हे दोन्ही मुद्दे काढावेत. ते काम भाडेकरूबाई करू शकत नाही. तिला त्या सभेत बसायलाच मिळत नाही.

उंबरठ्याबाहेरचा पहिला महिना

आता खर्चाचा हिशेब. समजा एक बाई दुकानात काम करते, पगार चौदा हजार, दोन मुलं. तिला सात हजार भाड्याचं घर मिळालं. डिपॉझिट तीस हजार. एजंटची दलाली एक महिन्याचं भाडं, सात हजार. पहिल्या महिन्याचं आगाऊ भाडं सात हजार. कराराचे अडीच हजार. टेम्पो, शेगडी, दोन भांडी धरून साडेतीन हजार. झाले पन्नास हजार. साडेतीन महिन्यांचा अख्खा पगार, आणि तोही तिच्या हातात एकरकमी हवा. हिंसेच्या घरातून बाहेर पडण्याची ही फी आहे. ती भरता येत नाही म्हणून कितीजणी मार खात राहतात याची नोंद कुठल्याही दप्तरात सापडणार नाही.

पुढे दर अकरा महिन्यांनी भाडं वाढतं, बहुतेक वेळा दहा टक्क्यांनी. सात हजाराचे तीन नूतनीकरणांनंतर नऊ हजार तीनशे होतात. दुकानातला पगार त्या चालीने वाढत नाही. मग बाई आणखी लांबचं घर बघते. मुलांची शाळा बदलते, जमलेली कामं सुटतात, शेजार सुटतो. घर बदलण्याचा खरा खर्च हा.

हातात एकरकमी पैसे असलेल्या बाईला वेगळा धोका असतो. इथे 'हेवी डिपॉझिट'ची पद्धत आहे. तीन-चार लाख मालकाला द्यायचे आणि भाडं नाही किंवा नाममात्र. घटस्फोटात एकरकमी मिळालेले पैसे किंवा दागिने मोडून आलेले पैसे असले की दरमहाच्या भाड्यातून सुटका म्हणून बाईला हे बरं वाटतं. पण ते पैसे मालकाने आपल्या गरजेसाठी वापरलेले असतात. मुदत संपली की तो म्हणतो, दुसरा भाडेकरू आला की त्याच्याकडून घेऊन देतो. आणि त्या फ्लॅटवर बँकेचं कर्ज थकलेलं असेल तर एक दिवस बँकेची जप्तीची नोटीस दारावर लागते. बँकेचा हक्क फ्लॅटवर. बाईचे पैसे कुठे मागायचे? म्हणून हेवी डिपॉझिट देण्यापूर्वी फ्लॅट कोणाच्या नावावर आहे, त्यावर कर्ज आहे का, हे बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नये. पैसे चेकने किंवा बँकेतून द्यावेत आणि संपूर्ण रक्कम करारात लिहून घ्यावी. "टॅक्ससाठी थोडी कमी दाखवू" असं मालक म्हणाला की उठून यावं.

२०२० चं वर्ष आठवा. मार्चमध्ये लोकल बंद झाल्या. अत्यावश्यक सेवेबाहेरच्या बायकांना लोकलमध्ये चढू दिलं ते २१ ऑक्टोबरपासून, आणि तेही गर्दीच्या वेळा सोडून. ज्यांची कामं दादर-घाटकोपरला होती त्यांची ती सात महिन्यांत गेली. राज्याच्या गृहनिर्माण विभागाने एप्रिलमध्ये घरमालकांना तीन महिने भाडेवसुली पुढे ढकलण्याच्या, कोणाला घराबाहेर न काढण्याच्या सूचना दिल्या होत्या. पण पुढे ढकललेलं भाडं माफ होत नाही. ते डिपॉझिटमधून वळतं झालं, आणि डिपॉझिट संपलेली बाई पुढच्या घराच्या दारात रिकाम्या हाताने उभी राहिली.

कायदा काय देतो, काय देत नाही

आता कायद्याकडे वळू. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवली आणि भाडेकरूला सहज काढता येणार नाही असं संरक्षण दिलं. त्यातून सुटायला मालकांनी 'लिव्ह अँड लायसन्स'ची वाट काढली : हा भाडेकरू नाही, याला फक्त राहायची परवानगी दिली आहे. १९७३ मध्ये कायदा बदलला आणि १ फेब्रुवारी १९७३ ला जे अशा परवान्यावर राहत होते त्यांना भाडेकरू मानलं गेलं. त्यांचं भलं झालं, पण मालक धास्तावले आणि घरं कुलपात गेली. मग आला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. आज आपण ज्या कागदावर सही करतो तो बहुतेक वेळा या कायद्याखालचा परवाना करार असतो.

या कायद्याचं कलम ५५ प्रत्येकीला पाठ हवं. करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी केली नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि आपल्या कामाची गोष्ट अशी, की लेखी नोंदलेला करार नसेल तर कोणत्या अटींवर घर दिलं याबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. ते खोटं ठरवण्याचं ओझं मालकावर. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही ही एजंटांची समजूत १९०८ च्या नोंदणी कायद्यातून आलेली आहे. तिथे वर्षावरच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची होती, म्हणून अकरा महिन्यांची चाल पडली. १९९९ च्या कायद्यात ती पळवाट नाही.

खर्चाचं कारण सांगतील, तर तेही मोजू. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर पाव टक्का, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटचे दर वर्षाला दहा टक्के त्यात धरायचे. सात हजाराचे अकरा महिने झाले सत्त्याहत्तर हजार, तीस हजारांचे दहा टक्के तीन हजार. ऐंशी हजारांचा पाव टक्का म्हणजे दोनशे रुपये. नगरपरिषद हद्दीत नोंदणी फी एक हजार. म्हणजे सरकारात जातात बाराशे. बाकीचे एजंटच्या खिशात.

सही करण्याआधी वाचा. वाचता येत नसेल तर वाचून घ्या. नोंदलेल्या परवाना करारात जे लिहिलं आहे तोच कलम २४ प्रमाणे निर्णायक पुरावा मानला जातो. मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर दुप्पट दराने नुकसानभरपाई लागू शकते. पण म्हणून मालकाला स्वतः येऊन कुलूप लावण्याचा, सामान जिन्यात काढण्याचा हक्क मिळत नाही. त्याला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो.

आणि इथेच या कायद्याचा तोल सुटतो. मालकाला घर परत मिळवायला कायद्याने झटपट वाट दिली. भाडेकरूला डिपॉझिट परत मिळवायला तशी वाट दिली नाही. तिला दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागते. तीस हजारांसाठी कोण किती वर्षं खेटे घालणार? म्हणून रंगाचे, नळाचे, 'भिंतीला खिळे मारले' याचे पैसे कापून मालक जे देईल ते घेऊन बाई निघते. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायदा मंजूर केला. त्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नसावं असं म्हटलं आहे. पण तो नमुना आहे. राज्याने स्वीकारला तरच लागू.

दुसरा कायदा आपल्या रोजच्या वापरातला, २००५ चा कौटुंबिक हिंसा प्रतिबंधक कायदा. राहण्याचा हक्क म्हटलं की आपल्याला नवऱ्याच्या मालकीचं घर आठवतं. पण कायद्यातल्या 'सामायिक घरा'त भाड्याचं घरही येतं. २०२० च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की ते घर नवऱ्याचंच असलं पाहिजे असं नाही, सासऱ्याच्या नावावरचंही असू शकतं. भाड्याच्या घरात नवऱ्याची एक ठरलेली चाल असते : भाडं भरणं थांबवायचं, किंवा मालकाशी संगनमत करून करार संपवायचा. बायको आपोआप रस्त्यावर. कलम १९ मध्ये यावर तीन उपाय आहेत. न्यायाधीशांच्या परवानगीशिवाय त्याने घरावरचा आपला हक्क सोडू नये असा आदेश मागता येतो. भाडं आणि इतर देणी त्याने भरावीत असा आदेश मागता येतो. आणि तिथे राहणं शक्यच नसेल तर तशाच दर्जाचं दुसरं घर द्यावं किंवा त्याचं भाडं द्यावं, असा आदेश मागता येतो.

अर्जात आपण पोटगी मागतो, मारहाणीपासून संरक्षण मागतो. भाडं स्वतंत्रपणे, आकड्यासह मागायला हवं. "राहण्याची सोय करावी" असं मोघम लिहिलं तर कोर्ट दीड-दोन हजार लिहून मोकळं होऊ शकतं. "याच भागात याच आकाराच्या घराचं भाडं आठ हजार आणि डिपॉझिट तीस हजार आहे, हे पाहा करार" असं लिहिलं तर त्याला उत्तर द्यावं लागतं.

भाड्याची वही

म्हणून माझी पहिली सूचना साधी आहे. प्रत्येक गटाने एक वही घालावी. तारीख, भाग, खोल्या किती, मजला, भाडं, डिपॉझिट, दलाली, नूतनीकरणाला किती वाढवलं, डिपॉझिट परत मिळालं का, किती कापलं. आणि एक रकाना नकाराचा : घर कोणाला नाकारलं आणि कोणतं कारण सांगितलं. जाहिरातीत मागितलेलं भाडं असतं, दिलेलं नसतं. दिलेलं भाडं आपल्या बायकांना माहीत आहे. वर्षभरात शंभर नोंदी झाल्या तर वकिलाला कोर्टात, आणि आपल्याला नगरपरिषदेत, हातात काही धरून बोलता येईल.

दुसरी सूचना, बचत गटांनी डिपॉझिटसाठी वेगळा फिरता निधी ठेवावा. लग्नाला, आजारपणाला आपण कर्ज देतो. घराबाहेर पडणाऱ्या बाईच्या डिपॉझिटलाही द्यावं. ही रक्कम खर्च होत नाही, मालकाकडे पडून असते आणि परत यायची असते. म्हणून करारात तिची नोंद आणि गटाकडे कराराची प्रत, एवढी अट पुरेशी आहे.

तिसरी, करार बाईच्या नावाने व्हावा. कुटुंब एकत्र राहत असेल तर दोघांच्या नावाने. शेतकरी संघटनेने १९८६ च्या चांदवड अधिवेशनानंतर जमीन बायकोच्या नावे करण्याची लक्ष्मीमुक्तीची मोहीम गावोगाव नेली होती. शहरात आपल्यातल्या अनेकींकडे नावावर करायला जमीन नाही, फ्लॅटही नाही. अकरा महिन्यांचा कागद मात्र आहे. निदान त्यावर तरी नाव असावं.

चौथी गोष्ट घरमालकिणींची. या सभागृहातही काहीजणी असतील. नवऱ्यामागे एका फ्लॅटच्या भाड्यावर घर चालवणारी विधवा ही बिल्डर नव्हे. भाडेकरूने भाडं थकवलं तर तिची चूल थंडावते. तिची भीती खरी आहे आणि नोंदलेला करार तिलाही संरक्षण देतो. तिच्याशी भांडायचं कारण नाही. तिला एवढंच विचारायचं, की तुमच्या दारात उभ्या असलेल्या बाईला 'मिस्टर कुठे' हा प्रश्न तुम्ही तरी विचारू नका.

आणि सरकारकडे मागायच्या गोष्टी तीन. डिपॉझिटला दोन महिन्यांची मर्यादा घाला. डिपॉझिट परत मिळवण्यासाठी, मालकाला दिली तशीच झटपट वाट भाडेकरूला द्या. आणि नोकरदार स्त्रियांच्या वसतिगृहाची जी केंद्रीय योजना १९७२-७३ पासून आहे आणि आता 'सखी निवास' नावाने चालते, तिच्यातून बदलापूरसारख्या नगरपरिषदेच्या गावातही मुलांसह राहता येईल अशी वसतिगृहं उघडा. मुंबई-पुण्यापुरती ती पुरणारी नाहीत. पगार कमी असलेल्या बायका आता इथे राहतात.

घरातून बाहेर पडावं की नाही, हे बाई ठरवेल. ते आपण तिच्यासाठी ठरवायचं नाही. पण ती जेव्हा विचारते 'जाऊ कुठे', तेव्हा आपल्याकडे भाग, भाडं, डिपॉझिट आणि ते उभं करायची सोय, एवढं तयार पाहिजे. दुपारच्या सत्रानंतर प्रत्येक गटाने आपल्यातली एक जण वहीसाठी ठरवावी आणि जाण्यापूर्वी तिचं नाव टेबलावर देऊन जावं. पुढच्या तिमाहीला वह्या घेऊन भेटू.